रकाना

शाहूपुरीत, तिसऱ्या गल्लीत, जिन्याखाली
माझं फुंकायचं यंत्र आहे.
लोक त्याला असंच म्हणतात. खरं नाव पावतीवर असतं
आणि पावतीची खिशात घडी होते.
ओठ घट्ट, मी सांगते, खोल ओढा, आता सोडा,
सोडा सोडा सोडा, अजून आहे आत, सोडा!
शेजारच्या झेरॉक्सवाल्याला वाटतं
मी रोज कुणाला तरी कुस्तीला उतरवते.

त्याआधी अर्ज. छापील.
बिडी, सिगारेट, तंबाखू, मिसरी, चूल.
किती वर्षं. दिवसाला किती.

आण्णाप्पा मगदूम, उद्यमनगर, फाउंड्रीत साचेकाम.
बिडी, अडतीस वर्षं, दिवसाला बंडल.
हे त्यांनी असं सांगितलं
जसं माणूस आपल्या गावाचं नाव सांगतो.
मग भाच्याकडे हनुवटी केली:
"ह्येचं बघा आधी. माझं पानाचं हाय, झाडाचं.
ह्ये प्वार केमिकल ओढतंय. बॅटरीवर!
सरकारनं उगंच बंदी घातलीया व्हय त्येच्यावर?
बिडीवर कुठं घातली?"

श्रेणिक हसला.
त्याच्या खिशात एक पेन होतं, लिहिता न येणारं.
"मामा, वाफ आहे ही. इडलीची असते तशी.
राख नाही, शर्टाला वास नाही."
वास होता. पिकल्या पेरूचा,
कुठल्याच झाडाला न लागणाऱ्या पेरूचा.

"धूम्रपान?" मी विचारलं.
"नाही ना."
खोटं बोलत नव्हता. मी अर्ज वरून खाली पाहिला,
उलटून पाहिला. त्याच्यासाठी रकाना नव्हता.

"ताई, तुम्हीच सांगा, दोन्हीत कमी वाईट कुठलं?"
डॉक्टर म्हणतात, बिडीचा हिशेब झालाय,
माणसं मोजून झालाय.
वाफेचा अजून चालू आहे,
आणि चालू आहे म्हणजे शून्य आला असं नव्हे.
मला एवढं लांब बोलता येत नाही.
मी म्हटलं, "दगडापेक्षा वीट मऊ."
"बघा!" श्रेणिक म्हणाला.
"मऊ म्हणून उशाला घेतंय व्हय कोण?" मगदूम म्हणाले.
मग पोरगा हळू बोलला, यंत्राकडे बघत:
"मी आधी दगडावरच झोपत होतो, मामा.
दोन वर्षं. तुमच्याच बंडलातनं."

जिन्यावरून कुणीतरी चपला वाजवत उतरलं.
तेवढा वेळ कुणीच काही बोललं नाही.

मगदूमांची रेघ कागदावर आली,
कळंब्याच्या तळ्यासारखी, चढच नाही.
श्रेणिकची नीट. दहावीचा निकाल धरावा
तसा त्यानं कागद धरला.
"नॉर्मल आहे," मी म्हटलं. मग म्हटलं, "आज."

गेल्या मंगळवारी होस्टेलची एक मुलगी आली होती.
एकोणीस वर्षांची. आयुष्यात सिगारेट नाही, बिडी नाही.
"मैत्रिणीचं होतं, वास छान वाटला."
तिच्या उशाला दगड नव्हताच कधी.
तिला मी म्हण सांगितली नाही.

माझी आई निपाणीत बिड्या वळायची.
दिवसाला आठशे. ओढली एकही नाही.
रात्री खोकायची तेव्हा शेजारणी म्हणत, हवा बदलली.
तिचा असा अर्ज कुणी भरला नाही.
भरला असता तरी
पानं कापणाऱ्या बोटांना, मांडीवरच्या सुपाला
त्यात कुठे जागा होती?

मी बॉलपेन घेतलं आणि समासात, तिरकं,
मावेल तेवढं लिहिलं:
वाफ, पेरू, दीड वर्ष. आधी बिडी (मामाची).
डॉक्टर विचारतील, हे काय.
विचारू देत.

दोघं बाहेर पडले. मगदूम दारात दम घ्यायला थांबले,
एक हात चौकटीला, दुसरा सवयीनं वरच्या खिशाकडे.
तिथून तो परत खाली आला, रिकामा.
आणि मला ऐकू जाणार नाही अशा बेतानं
त्यांनी भाच्याला विचारलं,
"ते तुझं पेन, केवढ्याला पडतं म्हणालास?"

रिक्षा गेली मध्येच. पोरगं काय म्हणालं
ते मला कळलं नाही.